पास होईपर्यंत

वलगाव, ता. १६ जानेवारी १८६४

मुंबईच्या कॉलेजातले आमचे प्रोफेसर म्हणत, रोज चार ओळी लिहिल्या की डोकं ताळ्यावर राहतं. माझं डोकं ताळ्यावर असतं तर मी आज मुंबईत असतो. तरी लिहायला बसलो आहे, कारण इथे दुसरं काही करण्याजोगं नाही आणि कुणाला तोंड दाखवण्याची इच्छाही नाही.

निकाल लागला. इंग्रजीत पास, इतिहासात पास, तर्कशास्त्रात पास, गणितात तर चांगलाच पास, आणि संस्कृतात नापास. एका विषयात गेलं की सगळ्यात गेलं, असा विद्यापीठाचा नियम आहे. वलगावचा पहिला कॉलेजात गेलेला कुणबी म्हणून ज्यांनी मला वाजतगाजत वेशीपर्यंत पोचवलं होतं, त्यांच्यापैकी दोघे आज पारावर भेटले. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बा रागावले नाहीत. माझा बाप खुशालराव पिढीजात काळ्या मातीतला माणूस. अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना आमच्या कापसाची गरज लागली, तेव्हा त्यांनी बैलांच्या गळ्यात चांदीच्या घुंगरमाळा घातल्या आणि मला मुंबईला घातलं. म्हणाले, "एका भाषेपाई अडलं ना? मंग ते भाषा शिक अन् बस पुन्हा. पऱ्हाटी एक साल बुडाली म्हून कोनी वावर सोडते का?"

मायने एवढंच विचारलं, "पुन्हा केवा अस्ते परीक्षा?"

"साल सरता सरता. मार्गशीर्षात."

"बरं," म्हणाली आणि चुलीकडे गेली. मी तिच्या रडण्याची तयारी करून बसलो होतो. ती वाया गेली. (मुंबईत मी 'आई' म्हणायला शिकलो, वहीत मात्र मायच उतरते. उतरू दे.)

२० जानेवारी

माय काल जमुनाला घेऊन बंडीने अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला गेली होती. जमुना, म्हणजे माझी बायको, परत आली ती डोळे लाल करून. काय झालं विचारलं तर म्हणे रस्त्यात डोळ्यांत धूळ गेली. सासूचं आणि सुनेचं काही वाजलं असेल. बायकांच्या भांडणात पडू नये.

३ फेब्रुवारी

अमरावतीला जाऊन केशवराव मास्तरांना भेटलो. यांनीच मला सरकारी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि यांनीच बांना सांगितलं की पोरगा मुंबईला पाठवा. पुण्याकडचे आहेत, बोलताना शब्द निवडून निवडून बोलतात, निवडलेले तांदूळ जसे.

म्हणाले, "देवीदास, तुझ्यापुढे वाटा आहेत. इथल्या एखाद्या शास्त्र्याकडे संस्कृत पक्कं कर आणि पुन्हा बस. नाहीतर भाषा बदल. संस्कृतऐवजी फारसी घेता येते, आणि तुमच्या वऱ्हाडात मुन्शींना तोटा नाही. तेही नको असेल तर मास्तरकी घे, मी शब्द टाकतो. चौथी वाट म्हणजे कापसाच्या साहेबांची चाकरी. पण ती वाट धरलीस की पुस्तक सुटलं म्हणून समज."

मी विचारलं, तुम्ही काय केलं असतं? ते हसले आणि म्हणाले, मी संस्कृतात कधी नापास झालो नाही. मास्तर चांगले आहेत, पण त्या क्षणी मला त्यांचा मनापासून राग आला.

१२ मार्च

एक शास्त्रीबुवा मिळाले. काव्य आणि व्याकरण शिकवतो म्हणाले. ते ओट्यावर, मी खाली अंगणात. मी म्हटलेला श्लोक चुकला की ते दुरुस्त करत नाहीत, नुसते डोळे मिटतात. बरोबर आला तरी मिटतात. आज मी धीर करून विचारलं की माझा उच्चार कुठे चुकतो. म्हणाले, "जिभेतच." मी घरी येईपर्यंत तो एकच शब्द चघळत आलो.

५ एप्रिल

माय दिवसेंदिवस कद्रू होत चालली आहे. घरात कधी नव्हता एवढा पैसा आहे, बा मुंबईहून काचेचं झुंबर आणायचं म्हणतात, आणि ही बाई भाकर खाईना! काल दुपारी उशिरा परसातून आत आलो तर ती चुलीपाशी एकटी बसून वाटीत भगर घेऊन खात होती. एरवी तिला जेवताना मी कधी पाहत नाही; आमच्यात गडीमाणसं उठल्यावर बाया बसतात.

मी म्हटलं, "काहून वं माय, आज उपास हाये का?"

"नाई रे. जवारी महाग झाली किती! साऱ्यायनं पऱ्हाटीच पेरली. तुमाले पुरली म्हंजे झालं."

ज्वारी महाग झाली हे खरं. गावात जो तो वावरभर कापूस लावतो आणि खायला दुसऱ्या गावाहून धान्य आणतो. पण म्हणून खुशालरावच्या बायकोने भगर खावी? मी तिला बांसमोर चांगलं चिडवलं. चमडी जाईल पण दमडी जायची नाही, म्हटलं. बा हसले, मायही हसली. जमुना तेवढी हसली नाही. तिला माझा विनोद कळत नाही असं मला पुष्कळदा वाटतं.

२२ मे

शास्त्रीबुवांना रामराम केला. त्यांना काही वाटलं नाही, मला मात्र अडीच महिन्यांनी प्रथमच नीट झोप लागली. फारसी घेणार. अकोल्याला मायचे भाऊ नत्थुजीमामा असतात, कापसाची दलाली करतात. त्यांच्याकडे राहीन आणि मुन्शींकडे शिकेन. परीक्षेला सहा महिने आहेत. अलिफपासून सुरुवात करायची आहे. सहा महिन्यांत होईल का? मनात कुठेतरी ठाऊक आहे की होणार नाही. पण 'भाषा बदलली आहे' असं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि पुढचं विचारत नाहीत, एवढं सुख तरी आहे.

अकोला, १९ जून

आलो. येताना मायने विचारलं, "ते नवी भाषा सोपी हाये ना बाबू?" मी म्हटलं, लय सोपी हाये. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. हात हाडाळ लागला.

मुन्शी करीमुद्दीन म्हातारे आहेत. निजामाच्या अमलात कचेरीत होते, सगळा जमाखर्च तेव्हा फारसीत असे. ओट्यावर त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसवतात. उच्चार चुकला की "फिरसे कहो, बेटा" म्हणतात, आणि दहा वेळा चुकला तरी डोळे मिटत नाहीत. त्यांच्यापाशी बसलो की मला रडू येईल की काय अशी भीती वाटते.

मामांचं दुसरंच. "शीक लेका, शीक. पन त्या सायबाच्या कंपनीत दुभाष्या पायजेन हाये. गठाणी बांधनारा आपला मानूस, इकत घेनारा गोरा, अन् दोघाईच्या मधात बोलनारा कोनी नाई. उद्यापासून ये म्हनते." अकोल्याचा बाजार सध्या असा आहे की रस्त्यातून चालताना अंगाला रुई चिकटते. माझ्या वयाची पोरं साहेबाच्या घोडागाडीतून फिरतात. मी फारसीचं पहिलं पुस्तक, 'करीमा', घोकतो.

८ सप्टेंबर

पोळ्याला घरी गेलो नाही, अभ्यास होता. खरं म्हणजे अभ्यास झाला नव्हता म्हणून गेलो नाही.

वलगाव, १ नोव्हेंबर १८६४

दिवाळी. परवा संध्याकाळी सगळे बसले होते तेव्हा मी सांगून टाकलं की यंदा परीक्षेला बसत नाही. मुन्शीजींचं मत आहे की घाई करू नये. पुढच्या साली नक्की. (मुन्शीजी म्हणाले होते, "मर्जी तुम्हारी." ते मी सांगितलं नाही.)

बा म्हणाले, "पक्कं होऊन बस. बरं हाये."

माय उभी होती ती एकदम खाली बसली. मग दिवा सारखा करायला बसल्यासारखं केलं. "मंग आता केवा?"

"पुढल्या मार्गशीर्षात."

"म्हंजे आनखी साल," ती म्हणाली. नुसतं बोटाने जमिनीवर रेघ ओढावी तसं म्हणाली. तिचे पाय सुजलेले दिसले, घोट्यापाशी बोट दाबलं की खड्डा पडतो. तोंड फिकं. दिवाळीचं दळण-कांडण फार झालं असणार.

काल जमुनाने मला गोठ्याशी गाठलं. एवढी चिडलेली मी तिला पाहिली नव्हती. "तुमी बसा ना परीक्षेले. तयारी नसली तरी बसा. कोनाले ठाव, लागून जाईन."

"कापसाचा सट्टा हाये का तो?"

"नापास व्हाची एवढी लाज वाटते तुमाले?"

ते खरं होतं. नापास होणं एकदा माफ असतं. दुसऱ्यांदा झालो की मी देवीदास राहणार नाही, नापास झालेला देवीदास होईन. पण हे तिला कसं कळावं? तिला नवरा कॉलेजात आहे म्हणून मिरवायचं आहे.

६ नोव्हेंबर

वैद्याला बोलावलं. त्याने नाडी पाहिली, 'रक्त आटलं आहे' म्हणाला, सैंधव घातलेलं चूर्ण दिलं, ज्वारीची पेज मीठ घालून द्या म्हणाला. आज ती चूर्णाची पुडी गोठ्यामागे पडलेली सापडली. मी मायवर ओरडलो. ती म्हणाली, "कडू लागलं रे." लहान पोरासारखं! मी परत अकोल्याला निघतो आहे. बांना सांगितलं आहे की तिच्याकडे लक्ष द्या. बा कापसाकडे लक्ष देतात, त्यातून उरलं तर तिच्याकडे.

अकोला, ३० जानेवारी १८६५

मामांनी शेवटी मला साहेबापुढे उभं केलं. साहेबाने चार वाक्यं बोलून घेतली आणि म्हणाला, तुझं इंग्रजी माझ्या कारकुनापेक्षा चांगलं आहे. कुणीतरी मला चांगलं म्हणून किती दिवस झाले होते! मी तिथेच मनात ठरवलं की पुरे. विद्यापीठ, संस्कृत, फारसी, सगळ्याला नमस्कार. घरी जाऊन सांगतो आणि फाल्गुनापासून नोकरी धरतो.

वलगाव, ८ फेब्रुवारी

काय घडलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला ते उमगलेलं नाही.

माय उन्हात खाटेवर बसली होती. आता वावरात जात नाही म्हणे. केस पातळ झाले आहेत. मी सांगितलं की परीक्षा सोडतो आहे, कायमची, आणि साहेबाकडे लागतो आहे. मला वाटलं तिला आनंद होईल, पोरगा जवळ राहील.

तिने माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "नोकरी कर, नको करू, पन परीक्षा सोडतो म्हनू नको. तोंडातून तसं काढूच नको."

"माय, तुले काय फरक पडते?"

"मले?" ती हसली. "मले तं लय फरक पडते बाबू. तू सोडलं तं मी कुठं जाऊ?"

हे काय बोलणं झालं? मी समजावलं, साहेबाची नोकरी पास झालेल्यालाही मिळत नाही, मला नापास होऊन मिळते आहे. ऐकेना. "बस एकदा. मंग काई कर. पास हो, मंग काई कर." शेवटी माझ्याकडून वचन घेतलं तेव्हा मनगट सोडलं.

मला फार वाईट वाटलं. माझ्यापेक्षा माझ्या परीक्षेची हौस हिला जास्त. गावातल्या बायांत सांगायला हवं असेल, माहा पोरगा पास झाला म्हणून. बापाला बैलांच्या घुंगरमाळा, आईला मी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. साहेबाला नाही म्हणून कळवलं.

अकोला, २ जून

अमेरिकेतली लढाई संपली. बातमी आधीच आली होती, तिचा अर्थ आता कळतो आहे. बाजारात कापसाच्या गठाणी तशाच पडून आहेत, त्यांवर कुत्री झोपतात. मला नोकरी देणारा साहेब गाशा गुंडाळून मुंबईला गेला. मामा दिवसभर ओट्यावर बसून सुपारी कातरतात आणि खात नाहीत. मी तेव्हा हो म्हटलं असतं तरी आज इथेच असतो, हे एक समाधान.

बांचा निरोप आला: "आता तूच आमचं पीक." एवढाच.

म्हणून खरंच वाचतो आहे. मुन्शीजी सकाळ-संध्याकाळ बसवतात. वाक्य वाचता येतं, अर्थ अर्धा लागतो. अर्ध्या अर्थावर कुणी पास करत नाही.

२ ऑगस्ट

मामा नागपंचमीला बहिणीला माहेरी आणायला वलगावला गेले होते. आज एकटेच परत आले. मी वाचत होतो. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक काढून बाजूला ठेवलं.

"देवीदास, तुही माय मरायले टेकली."

मी उठलो. कशाने, काय झालं, विचारलं.

"तुह्यापाई. तू नापास होऊन आला ना, तवा तिनं अंबादेवीपुढं मीठ अन् जवारी सोडली. पोरगा पास होईपर्यंत तोंडात घालनार नाई म्हने. एक येळ अळणी भगर, बस. दीड साल होऊन गेलं. मले जमुनानं रडत रडत सांगतलं."

मी म्हटलं, मला कुणी काहून नाही सांगितलं? मोठ्याने म्हटलं, बहुतेक ओरडलोच.

"ज्याच्यासाटी नवस, त्याच्या कानी गेला का फळत नाई. आपल्यात असंच हाये, तुले ठाव नाई का? तू मुंबईले गेला अन् सारं इसरला. आता म्या सांगतलं, देवी मले काय करन थे करो. माही एकच बहीन हाये."

आणि मग मामा सुपारीच्या तुकड्यांत तोंड घालून रडले.

मी ही वही मागे उलटून वाचली. भगर. चूर्णाची पुडी. 'आनखी साल.' 'मी कुठं जाऊ.' सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मी तिला कद्रू म्हटलं होतं, आणि ती हसली होती. मी परीक्षा टाळली ती लाजेपायी, आणि तिने त्या लाजेचं एक साल भगरीवर काढलं. मी सोडतो म्हणालो तेव्हा तर तिची सुटण्याची वाटच बंद करत होतो. देवा, मला हे कळायला हवं होतं. जमुनालाही बोलता येत नव्हतं, आणि मी तिला विनोद कळत नाही म्हणून लिहून ठेवलं.

मामांची दमणी जुंपून निघतो.

अमरावती, ५ ऑगस्ट

बैलांना विसावा म्हणून थांबलो तेवढ्यात केशवराव मास्तरांकडे गेलो. म्हटलं, वलगावला चला आणि माझ्या मायला सांगा की मी पास झालो. तुमचा शब्द ती मानेल.

मास्तरांनी हातातली लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "खोटी साक्ष मला देता येणार नाही, देवीदास. तू त्यांना समजावून सांग, की असल्या नवसाने परीक्षा पास होत नसते."

समजावून सांगा म्हणे. माझ्या मायला. मी पायरीवरूनच परत फिरलो.

वलगाव, ६ ऑगस्ट

माय आतल्या खोलीत खाटेवर. पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटू नये इतकी. मला पाहून आधी विचारलं, "तू आता कसा? परीक्षा तं मार्गशीर्षात अस्ते."

मी वाटेत ठरवलेलं बोललो. "यंदा सरकारनं दोनदा घेतली माय. मी बसलो. पास झालो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माह्या गळ्याले हात लाव."

मी लावला. हाताखाली नुसती हाडं आणि त्यांत काहीतरी फडफडणारं.

"आता सांग."

लहानपणापासून मी ही शपथ कधी खोटी घेतली नाही. गळ्याची खोटी आन घेतली की ते माणूस जातं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी मात्र मुंबईत शिकलो आहे की शब्दांनी कुणी मरत नाही, उपासमारीने मरतं. हात तसाच ठेवला. मग म्हणालो, "तुह्या गळ्याची आन माय, मी पास झालो."

ती हसली. खरंच हसली, दोन वर्षांत न पाहिलेलं. "जमुने, भाकर टाक वं. मीठ घालून."

जमुना दारात उभी होती. "आत्याबाई..."

"टाक म्हनलं ना."

माझ्यासमोर बसून तिने भाकर खाल्ली, मिरचीच्या ठेच्याबरोबर, पातळ वरणाबरोबर. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. "लय खारं लागते रे," म्हणाली, आणि अख्खी भाकर संपवली. मी आणखी वाढायला लावली. बांनी दारातूनच पाहिलं आणि पागोट्याच्या शेवाने तोंड पुसत बाहेर गेले. मग तिने मला म्हटलं, "जा, बैलाईले पाहून ये, लांबून आले," आणि जमुनाला जवळ बसवून दार लोटून घेतलं. दोघी बराच वेळ बोलत होत्या.

खोटं बोलून माणूस इतकं हलकं होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

७ ऑगस्ट

सकाळी पुन्हा भाकर मागितली. पिठलं-भाकर खाल्ली. दुपारनंतर पोट फुगलं, उलट्या. वैद्य आला. श्वास लागतो आहे.

९ ऑगस्ट

माय गेली.

२४ ऑगस्ट

तेरावं झालं. वैद्य म्हणतो, इतक्या दिवसांच्या रिकाम्या पोटाला एकदम जड अन्न सोसलं नाही. पेजेपासून चढवायला हवं होतं. बा म्हणतात, तिची वेळ भरली होती. मामा म्हणतात, त्यांनी नवस माझ्या कानी घातला म्हणून. प्रत्येकाने आपापला वाटा उचलला आहे, आणि मला माझा ठाऊक आहे.

एकामागून एक घडलं म्हणून एकामुळे दुसरं घडलं असं सिद्ध होत नाही, हे मी तर्कशास्त्रात शिकलो. त्या विषयात मी पास आहे. तरी माझा उजवा हात मी आजकाल जेवतानाही पाहू शकत नाही.

११ सप्टेंबर

बांना सांगितलं की परीक्षेला बसत नाही. जिच्यासाठी बसायचं होतं तीच नाही. वावरात लक्ष घालीन. ते म्हणाले, "तुही मर्जी." यंदा त्यांनी निम्म्या वावरात ज्वारी पेरली आहे. ती कंबरेएवढी झाली आहे आणि बा तिकडे जात नाहीत.

२७ ऑक्टोबर १८६५

दुखवट्याची दिवाळी अशीच गेली. आज बा जेवून पारावर गेले. मी मात्र पानावरून उठलो नाही. का उठलो नाही ते सांगता येत नाही. त्या रिकाम्या बैठकीत जाऊन बसायचं जिवावर आलं असेल. जमुना वाट पाहत उभी राहिली, मग म्हणाली, "तुमी उठा ना. मले जेवाचं हाये."

"जेव मग. मी बसतो."

तिने पुष्कळ टाळलं. कालवणाची भांडी आवरली, चूल सारवली. शेवटी माझ्याकडे पाठ करून वाटी घेऊन बसली. वाटीत भगर होती. भाकरीचं टोपलं भरलेलं होतं, तिकडे तिने हात नेला नाही.

मी विचारलं, "भाकर काहून नाई?"

"मले नाई आवडत."

"अन् मीठ?"

"तेही नाई आवडत."

"केवापासून?"

"आवडीले काय तारीख असते?" ती म्हणाली आणि वाटी पदराआड घेतली.

तेव्हा मला त्या लोटलेल्या दाराआडचं बोलणं ऐकू आलं. माय पहिल्या शब्दालाच समजली होती. माझा हात आपल्या गळ्यावर घेऊन तिने मला खोटं बोलू दिलं, पोरगा एवढ्या लांबून खाऊ घालायला आला म्हणून ती जेवली, आणि देवीचं राहिलेलं सुनेच्या ओटीत टाकून गेली.

"जमुना, मायनं तुले काय सांगतलं?"

तिने झटकन मागे वळून पाहिलं. इतकी भ्यालेली मी तिला कधी पाहिली नाही. "काई नाई सांगतलं. मी काईच बोलली नाई. तुमी काई इचारलं नाई अन् तुमी काई आयकलं नाई."

तिची मनगटं पाहिली. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या होत्या, तरी सैल होत्या.

"मले फारसी येत नाई जमुना," मी म्हटलं. "खरंच येत नाई."

तिने भगरीचा घास गिळला. "मंग इथं काहून बसले? जा, वाचा."

परीक्षा महिन्यावर आली आहे. पेटीतून पुस्तक काढलं, उजेडाला धरलं. पहिल्याच पानावर अडलो.